शनिवारी येताना जुनी पत्रं आणा

मैत्रिणींनो, परत आठवण करून देतेय, शनिवारी ४ वाजता नौपाड्यात नेहमीच्या हॉलवर, आणि १९७१ च्या युद्धात किंवा १९९९ च्या कारगिलवेळी घरच्या बायकांनी फौजीला लिहिलेलं पत्र कुणाकडे असेल तर झेरॉक्स आणा, ओरिजिनल नको, मागच्या वेळी एका पत्रावर चहा सांडला, नाव नाही घेत. माझ्याकडे सासूबाईंचं ७१ चं इनलँड आहे, सासऱ्यांनी ट्रंकेत जपून परत आणलेलं. पत्त्यात गावच नाही, नुसता नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ५६ एपीओ (लष्कराचं टपाल कार्यालय), म्हणजे नवरा कुठल्या बॉर्डरवर आहे ते बाईला माहीतच नाही! आत म्हैस व्यायली, पोराला दात आला, आणि कडेला उभं, बारीक अक्षरात, 'कानाला बांधत जा'. पत्र नसलं तरी या, साबुदाणावडे आहेत.