राव सर, त्या नऊ घरांसाठी आभार

आदरणीय प्रा. ए. आर. राव सर,
सा. न. वि. वि.

आपली भेट झालेली नाही. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या शोधनिबंधांनी माझी मोठी अडचण सोडवली, म्हणून हे पत्र.

वर्गात ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच दिशेत कंप पावणं, शिकवत होते. एकाच दिशेतल्या लहरी जाऊ देणारे दोन पोलरॉइड एकामागे एक धरले, एक फिरवला, दिवा विझल्यासारखा झाला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, क्ष-किरणांचं ध्रुवीकरण कसं बघतात? ते तर यातून आरपार जातील." मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते" म्हणाले, आणि तो उद्या तीन आठवड्यांनी उजाडला.

उत्तर मिळालं ते भारताच्या खगोलीय उपग्रहावरच्या, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या उपकरणाबद्दलच्या लेखनात. टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) तुमच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं हे उपकरण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून आकाशात गेलं. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या ६४ पट्ट्या, प्रत्येकीवर २५६ घरं (पिक्सेल), एकूण १६,३८४. मुख्य काम क्ष-किरणांचं चित्र आणि वर्णपट टिपण्याचं. पण १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या वरचा फोटॉन (किरणाचा कण) एका घरात धडकून शेजारच्या घरात उडतो आणि उडताना आपल्या विद्युतक्षेत्राला काटकोनातली दिशा जास्त पसंत करतो, हे हेरून तुम्ही सगळ्यांनी त्याच घरांना ध्रुवीकरण मोजायला लावलं.

मी फळ्यावर नऊ घरं काढली. मधल्या घरात फोटॉन येतो, आजूबाजूच्या आठांपैकी कुठे जातो ते मोजायचं. त्याच मुलीने लगेच अडवलं: कोपऱ्यातली घरं मधल्याला फक्त टोकाला टेकतात, त्यांच्या वाट्याला आधीच कमी येणार! खरंच आहे. म्हणूनच उड्डाणाआधी ध्रुवित आणि अध्रुवित, दोन्ही प्रकारच्या किरणांवर उपकरण तपासून घेतलं होतं. हे सांगताना मला जो आनंद झाला तो पगारात मोजता येणार नाही.

मग क्रॅब पल्सार. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटातून उरलेला, सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरणारा तारा. दोन झोतांच्या मधल्या मंद काळात ध्रुवीकरण स्थिर राहावं अशी अपेक्षा होती, पण तिथेच ते बदलताना दिसलं. प्रचलित कल्पनांना हे अवघड जातं, हे निबंधात सरळ लिहिलं आहे.

तुमचं आधीचं कामही मग शोधून वाचलं. १९९६ साली आयआरएस-पी३ उपग्रहावरून गेलेल्या लहानशा भारतीय उपकरणाने टिपलेले जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराचे क्ष-किरणांचे झटके, सूर्याच्या ज्वाळांवरचं काम. सगळं कळलं असं म्हणणार नाही. गॅमा किरण स्फोटांवरचे, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक लोटांवरचे, निबंध मात्र पुन्हा पुन्हा वाचले. सीझेडटीआय चालू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ला, त्याला पहिला स्फोट सापडला! पुढे पहिल्या वर्षातले ११ तेजस्वी स्फोट तपासले, तेव्हा बहुतेकांचं ध्रुवीकरण जास्त वाटलं. पाच वर्षांचे २० स्फोट हाती आल्यावर तुमच्याच गटाने लिहिलं की त्यातल्या १५मध्ये ध्रुवीकरण ठामपणे दिसत नाही.

सर, माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हे शेवटचं वाक्य आहे. प्रॅक्टिकलच्या वहीत वाचन जुळलं नाही की मुलं खोडरबर घेतात. मीही विद्यार्थिनी असताना तेच केलं आहे, आणि तेव्हा कोणी हटकलं नाही. आता मी हे दोन्ही निबंध त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवते. वाचन खोडायचं नाही, खाली नवं लिहायचं, हे त्यांना माझ्या सांगण्यापेक्षा तुमच्या आकड्यांवरून लवकर पटतं.

मागच्या बाकावरची ती मुलगी आता एम.एस्सी.ला आहे. नऊ घरांचा तो कागद तिने माझ्याकडून मागून नेला. कोपऱ्यांचा हिशेब तिला स्वतः करून बघायचा आहे.

मनापासून आभार. आपल्या सगळ्या सहकाऱ्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

कळावे,
आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका