शेजारचं टेबल

प्रिय मनू,

घरून काम करताना होणाऱ्या फसवणुकीबद्दल फोनवर बोलायला गेलो की तू "हो बाबा, माहितीये" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहूनच पाठवतोय. जेवणाच्या सुट्टीत वाच, पण पूर्ण वाच.

मे महिन्यात तू नागपूरला आली होतीस, वरच्या खोलीत कूलर लावून काम करून राहिली होतीस, तो दिवस माझ्या डोक्यातून जातच नाही. मी पन्हं घेऊन वर आलो तर तू फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, कूलरच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं म्हणून "हां सर, हां सर" चाललेलं आणि स्क्रीनवर एनीडेस्क उघडं, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपला लॅपटॉप चालवू देणारं ॲप, त्यातला तो लांबलचक नंबर तू वाचून दाखवणारच होतीस तेवढ्यात मी विचारलं, कोण आहे गं? तू म्हणालीस, कंपनीचा आयटीवाला आहे, लॅपटॉपमध्ये व्हायरस सापडला, पाच मिनिटांत काढला नाही तर अकाउंट लॉक होईल. मी म्हटलं फोन ठेव आणि आधी तुझ्या टीममध्ये विचार. चिडलीस माझ्यावर, पण विचारलंस. आयटीमधून कुणीच फोन केला नव्हता. पन्ह्याचा ग्लास संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता.

बेटा, तू भोळी नाहीस. हाच फोन ऑफिसात आला असता तर तू खुर्ची वळवून बाजूच्याला विचारलं असतंस, "काय रे, तुला पण आला का?" आणि तिथेच सगळं उघड झालं असतं. घरून काम करताना ते शेजारचं टेबलच नसतं, आणि फोन करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मी बँकेत 34 वर्षं काढली. तिजोरीच्या चाव्या दोघांकडे, व्हाउचर एकाने बनवायचं तर पास दुसऱ्याने करायचं. कुणावर संशय होता म्हणून नाही गं, एकटा माणूस घाईत चुकतो म्हणून.

तर ते टेबल तू स्वतःच मांड. आयटीचा नंबर कंपनीच्या साइटवरून घेऊन सेव्ह कर आणि कुणीही फोन केला तरी तो कट करून त्या नंबरवर तूच उलट फोन लाव. साहेबांचा मेल आला की अमक्या पार्टीचं खातं बदललंय, आजच पेमेंट टाक, तरी तेच. आता तर एआयने हुबेहूब आवाज पण काढतात, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटला एवढ्यावर जाऊ नको. आणि रात्री मोबाईलवर "तुम्हीच लॉगिन करताय का" असं पुन्हापुन्हा येत राहिलं तर कंटाळून "हो" दाबू नको, तुझा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय म्हणूनच ते येतंय, "नाही" दाब, पासवर्ड बदल आणि कंपनीत लगेच सांग.

इथे आलीस की धरमपेठेतल्या त्या कॅफेत बसतेस तेव्हा तिथलं फुकटचं वायफाय नको, मोबाईलचा हॉटस्पॉट घे आणि कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे तुझं काम कुणाला वाचता येऊ नये असं झाकून नेणारी वाट, चालू ठेव. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं काही उघडू नको. मागे आईच्या व्हॉट्सॲपवर आरटीओ चलानच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली होती आणि ती म्हणत होती मनूच्या लॅपटॉपवर मोठी दिसेल!

आणि समजा चूक झालीच. तर लपवू नको, त्याच मिनिटाला सांग. आमच्या एका कॅशियरने चुकून जास्तीचे पैसे दिले, बोलणी खावी लागतील म्हणून दोन दिवस गप्प बसला, त्याच संध्याकाळी बोलला असता तर गिऱ्हाईक घरीच सापडलं असतं. इथे तर तासाभरात पैसे चार खात्यांतून फिरून जातात. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लाव, पुढच्या खात्यात ते थांबवता येऊ शकतात, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार टाक. बोलणी बसली तर बसली, मी आहे.

घरचं माझं काम मी केलं. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड अजून "ॲडमिन"च होता, केबलवाल्या पोराने लावून दिला तेव्हापासून! तो बदलला, टीव्हीला आणि शेजारच्या पोरांना वेगळं गेस्ट नेटवर्क करून दिलं. मेन वायफायचा पासवर्ड पण नवीन आहे, तो इथे लिहीत नाही, दिवाळीला आलीस की कानात सांगतो.

तुझे
बाबा