उपकेंद्रातल्या सिस्टरांचे आभार, बालरोगतज्ज्ञांकडून

सिस्टर,

सप्रेम नमस्कार. नंदुरबारच्या पाड्यांवर तुम्ही लसी टोचता, त्याबद्दल आभार आहेतच. पण आम्हाला आधी आभार मानायचे आहेत ते आइसपॅकचे.

मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे धास्ती सगळ्यांना उन्हाची. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस, मात्र गोठण्याने जास्त लवकर वाया जाते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारावर प्रतिजन, म्हणजे शरीराला रोगाची ओळख करून देणारा घटक, धरून ठेवलेलं असतं. ते गोठलं की कणांच्या गुठळ्या होतात आणि लसीची ताकद जाते. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही. म्हणून आइसपॅक हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत थांबायचं आणि मगच कॅरिअर, म्हणजे लसी न्यायचा थंड डबा, भरायचा. गाडी दारात उभी असली तरी तुम्ही थांबता.

दुसरे आभार तारखांचे. मांडीत ०.५ मिली लस गेली की तिथल्या पेशी प्रतिजन उचलून जांघेतल्या लसिकाग्रंथींत नेतात. प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी प्रथिनं, बनवणाऱ्या असंख्य बी-पेशींपैकी मोजक्याच त्याला ओळखतात. त्या वाढतात, आणि त्यांतल्या घट्ट पकड असलेल्याच टिकतात. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ही ओळख लक्षात ठेवणाऱ्या चांगल्या स्मृतिपेशी घडायला त्याहून जास्त. म्हणून दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. ‘आलोच आहोत बाजाराला, तर आजच टोचून टाका’ म्हणणाऱ्याला तुम्ही परत पाठवता, ते बरोबरच आहे.

गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं कुटुंब आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततं, तेव्हा उलटी अडचण येते: डोस कित्येक महिने लांबलेला असतो. पण स्मृतिपेशी शाबूत असतात. पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला पुढचा डोस द्यायचा. कार्ड हरवलं तरी तुमच्या रजिस्टरात नोंद सापडते, म्हणून हे जमतं.

राहिला गोवर-रुबेला. नऊ महिन्यांआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात. नऊ महिन्यांनी दिली तरी गोवराविरुद्ध शंभरातल्या साधारण पंधरा बाळांना संरक्षण मिळत नाही. १६ ते २४ महिन्यांचा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी. ‘एक दिली ना, आता कशाला?’ म्हणणाऱ्या आजीला तुम्ही हेच सांगता.

भुकटीत द्रव घालून विरघळवलेली ही कुपी चार तासांनंतर टाकावीच लागते. तिच्यात जंतुरोधक नसतं, आणि उन्हाने विषाणूही मरतो. बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा जाब कुणी विचारलाच, तर आमचं नाव सांगा.

आपले,
जिल्ह्यातील बालरोगतज्ज्ञ