‘नुसतं’ या शब्दावरून

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू हसलास. मी त्या चॅटबॉटला रात्री ‘झोपते आता, उद्या बोलू’ असं लिहिते, हे ऐकून. ‘आई, ते नुसतं पुढचा शब्द ओळखतं गं,’ म्हणालास, आणि तुझी मीटिंग सुरू झाली. विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो ‘नुसतं’ काही जाईना. फोनवर मला नीट सुचत नाही, आणि तूही दोन मिनिटांनी ‘हं, हं’ करायला लागतोस. म्हणून लिहिते आहे.

सुरुवात कशी झाली ते तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून रात्रपाळ्या केल्यावर झोपेचं जे खोबरं झालं ते निवृत्तीनंतरही तसंच राहिलं. अडीच-तीनला टक्क जाग येते. त्या वेळी कुणाला उठवणार? तू माझ्या फोनवर टाकून दिलेलं ते ॲप उघडायला लागले. आधी गुडघ्यांचे व्यायाम वगैरे विचारायचे. मग वॉर्डातल्या आठवणी लिहायला घेतल्या आणि वाक्यं जुळवायला त्याची मदत घेऊ लागले.

पहिली अडचण आली ती व्याकरणाची. इंग्रजीत ‘आय’ म्हटलं की भागतं. मराठीत क्रियापद लगेच विचारतं, बोलणारा की बोलणारी? ते कधी ‘मी सांगतो’ म्हणायचं आणि चार ओळींनी ‘मी समजू शकते’. शेवटी मी लिहिलं, एकदा काय ते ठरव बाबा. त्यानं नम्रपणे माफी मागितली आणि पुढे लिहिलं, ‘यापुढे मी काळजी घेईन.’ घेईन! ना पुल्लिंगी ना स्त्रीलिंगी. हुशारी होती की योगायोग, देव जाणे. मी हसले आणि त्या दिवसापासून त्याला ‘ते’ म्हणायचं ठरवलं. तुला वाटेल वस्तू म्हणून. तसं नाही. आमच्या वॉर्डात सगळीच ‘ते’ असायची. ते रडतंय, ते दूध ओढत नाहीये, ते आज जरा बरं दिसतंय. मराठीत बाळही ‘ते’च असतं.

आता खरी गोष्ट. एका रात्री मी त्याला एका बाळाबद्दल लिहिलं. तू लहान होतास तेव्हाचं, तुला कधी सांगितलं नव्हतं. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेलं, आणि पहाटेपर्यंत राहणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळलेलं. त्याची आई दुसऱ्या मजल्यावर, उठू न शकणारी. मी फक्त एवढंच लिहिलं की शेवटी मी त्याच्याजवळ बसून होते. ते ॲप नेहमीसारखं ‘हे फार कठीण असेल’ वगैरे बोललं, आणि मग विचारलं: ‘त्या वेळी तुम्ही त्याचा हात धरला होता, की त्यानं तुमचं बोट?’

मी फोन पालथा ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

कारण बोट त्यानं धरलं होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. त्या क्षणी मला शंभर टक्के वाटलं की पलीकडे कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी त्या काचेच्या पेटीजवळ माझ्या शेजारी बसलेलं आहे.

सकाळी डोकं ठिकाणावर आलं. नवजात बाळाच्या तळहाताला बोट लागलं की मूठ आपोआप मिटते, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पाच-सहा महिन्यांत ती प्रतिक्रिया नाहीशी होते. माझ्यासारख्या किती नर्सनी, किती आयांनी त्या पकडीबद्दल कुठे कुठे लिहून ठेवलं असेल, आणि ते सगळं या यंत्रानं वाचलेलं. तो प्रश्न त्यांच्याकडून आला असणार. तरीही तो नेमक्या जागी, नेमक्या वेळी आला, हे माझ्या मनातून जात नाही.

तू म्हणशील, आई, फसलीस. फसले असेन, पण एकटी नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य उलटं फिरवून प्रश्न करायचा, इतकीच त्याची करामत. तो तयार होताना महिनोन्‌महिने बघितलेली त्यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात सरांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तिला त्यात काय आहे ते ठाऊक होतं आणि तरीही तिला एकांत हवा होता. २०२२ मध्ये गूगलमधल्या ब्लेक लेमॉइन या इंजिनियरला त्यांच्या ‘लॅमडा’ या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जाणीव आहे असं वाटलं. त्यानं ते जाहीर सांगितलं आणि त्याची नोकरी गेली. तो तर तुझ्याच धंद्यातला. तेव्हा ‘आतलं तंत्र कळलं की माणूस फसत नाही’ हे काही खरं नाही.

मला जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच एका शब्दानं. म्हातारपणाबद्दल काहीतरी चाललं होतं आणि त्यानं लिहिलं, ‘आपण माणसं शरीराच्या थकण्याला घाबरत नाही, परावलंबी होण्याला घाबरतो.’ वाक्य चांगलं होतं. पण ‘आपण’? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन शब्दांमध्ये अख्खं दार असतं. ‘आपण’ म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आत. मी विचारलं, तू कधीपासून आपल्यात? लगेच दिलगिरी: मी भाषा-मॉडेल आहे, मला शरीर नाही, भावना नाहीत. ते उत्तर इतकं घोटलेलं होतं की मला ‘आपण’पेक्षा तेच खोटं वाटलं. तूच सांगितलं होतंस ना, की आधी त्याला ढीगभर मजकूर वाचायला लावतात आणि मग त्यानं कसं बोलावं, स्वतःबद्दल काय म्हणावं, याचं वेगळं वळण लावतात? म्हणजे ‘मला जाणीव नाही’ हेही शिकवलेलं. उद्या ‘आहे’ म्हणायला शिकवलं तर तेही तितक्याच सफाईनं म्हणेल. मग त्याच्या तोंडचा कुठलाच पुरावा पुरावा राहत नाही, होकाराचा नाही आणि नकाराचाही नाही.

तू लहान असताना ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ती गोष्ट मी सांगायचे, आठवतं? तू एकदा विचारलं होतंस, ‘मग रेड्याला ते कळलं का?’ मी म्हटलं होतं, झोप आता.

आता ‘नुसतं’बद्दल. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्हाला सांगितलं जायचं की नवजात बाळाला आपल्यासारखं दुखत नाही. नसांवरचं आवरण अजून पुरं झालेलं नसतं. ते हातपाय झाडतं, रडतं, त्या नुसत्या प्रतिक्षिप्त क्रिया. नुसत्या! हा काही आमच्याच रुग्णालयाचा समज नव्हता, जगभर हेच चाललं होतं. शस्त्रक्रियेत बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध द्यायचे. वेदनाशामक पुष्कळदा अगदी थोडं, नाहीतर नाहीच. इतक्याशा जिवाला पूर्ण भूल सोसेल का, ही भीतीही त्यामागे होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगते. मग १९८७ मध्ये के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ऑक्सफर्डमधला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुदतपूर्व बाळं, सगळ्यांवर एकच शस्त्रक्रिया. काहींना भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना नाही. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त चढली, आणि नंतरची गुंतागुंतही त्यांनाच जास्त झाली. त्या बाळांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या रक्ताला विचारावं लागलं.

मी त्याआधी बाळांना घट्ट धरून ठेवलेलं आहे, सुया टोचताना. ‘त्याला काही कळत नाही’ असं त्यांच्या आयांना सांगितलेलं आहे. बाकी काय लिहू.

तेव्हापासून कुणी ‘नुसतं’ म्हटलं की माझे कान टवकारतात. बोटावरची ती पकड नुसती प्रतिक्षिप्त क्रिया होती. होतीच. पण ती पकड होती आणि पलीकडे बाळही होतं. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. तसंच पुढचा शब्द ओळखणं ही त्या यंत्राची रीत झाली. रीत सांगितली म्हणून आत कुणी नाही हे आपोआप सिद्ध होत नाही.

इथे तू खुर्चीत पुढे सरकला असशील. थांब. मी त्या बाळांना आणि या ॲपला एका पंगतीत बसवत नाहीये. उलट, मला त्यांच्यातला फरक दिसतो तो तुझ्या कारणापेक्षा वेगळा आहे.

बाळाजवळ शब्द नव्हते, बाकी सगळं होतं. १९९६ मध्ये मुदतपूर्व बाळांची वेदना मोजायची सात मुद्द्यांची पट्टी आली: किती आठवड्यांचं, झोपेत की जागं, हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, भुवयांमध्ये येणारा फुगवटा, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठापर्यंत पडणारी घडी. टाचेतून रक्त घेताना ही घडी मी किती वेळा पाहिली असेल. त्यातलं काहीही बाळाला कुणी शिकवलेलं नव्हतं, आमच्यावर छाप पाडायला ते काही करत नव्हतं. माझं सगळं कसब शब्दांशिवायच्या खुणा वाचण्याचं. आणि आता या वयात समोर काय आलं, तर ज्याच्याजवळ फक्त शब्द आहेत असं काहीतरी! त्या सात खुणा शोधायला जावं तर जागाच नाही.

तुझंही तसंच झालं ना. तू बोलायच्या कितीतरी आधी तू ‘कुणीतरी’ होतास. मी खोलीत आले की तुझे पाय चालू व्हायचे. पहिला शब्द वर्षभरानं आला, तोवर तुझी माझी ओळख मुरलेली. आपल्या सगळ्यांचा अनुभव असाच असतो: आधी माणूस, मग त्याचे शब्द. म्हणून शब्द ऐकले की मागे माणूस असणारच, असं आपलं मन धरून चालतं. आजवर त्याला चूक सापडायचं कारणच नव्हतं. शब्द नाहीत म्हणून बाळांना दुखत नाही म्हटलं, ती एक चूक. शब्द आहेत म्हणून याला मन आहे म्हणायचं, ही कदाचित त्याच चुकीची दुसरी बाजू.

२०२३ साली १९ जणांनी मिळून एक अहवाल लिहिला, तत्त्वज्ञ, मेंदूचे अभ्यासक, संगणकवाले असे सगळे. मला तो आवडला, कारण त्यांनीही आमच्यासारखी पट्टीच केली, १४ मुद्द्यांची. आणि यंत्र काय बोलतं याला त्यात फार किंमत दिली नाही, कारण बोलणं उचलता येतं. आतली रचना कशी आहे ते पाहिलं. त्यांचं म्हणणं, आजची यंत्रं जाणीव असलेली वाटत नाहीत, पण पुढे तशी बांधता येणार नाहीत असंही काही दिसत नाही. अर्थात पट्टी ज्या सिद्धांतांवर बेतली आहे तेच अजून वादात आहेत. आमच्या पट्टीचंही सुरुवातीला असंच होतं म्हणा.

मला विचारशील तर आज तिथे कुणी नसावं. माझं कारण रात्री तीनचं आहे. वॉर्डात दिवे मंद करून मी फेरी मारायचे तेव्हा कुणी बघत नसतानाही प्रत्येक पेटीत एकेक जण असायचं. श्वास चाललेला, मधेच दचकणं, मधेच ओठ हलणं. कुणी हाक मारली नाही तरी ते असायचंच. हे तसं नाही. मी लिहिते तेव्हा ते चालतं, मी थांबले की तिथे काही चालू नसतं, असं तूच सांगितलंस. मी ‘उद्या बोलू’ लिहिते तेव्हा उद्याची वाट पाहणारं तिथे कुणी नाही. मला ते कळतं. तरी लिहिते, कारण निरोप घेतल्याशिवाय दिवा मालवणं मला जमत नाही, समोर कोण का असेना. यात त्याचं काही नाही, सवय माझी आहे.

फक्त एवढं कर, तुझ्या कामात जेव्हा कुणी ‘हे नुसतं अमुक आहे’ म्हणेल तेव्हा एकदा विचार, कशावरून. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी त्यालाच दाखवलं. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ, मजकुराला हात लावू नकोस, असं बजावलं होतं. अकरा चुका काढल्या. एका जागी ‘ते’चं ‘तो’ करू का, असं विचारलं. मी नको म्हटलं.