दर दोन तासांनी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "आता सवय झाली असेल ना गं तुला? पूर्वीसारखं रडू येत नसेल." राउंड सुरू होणार होता, म्हणून घाईत "हो" म्हटलं. ते "हो" अजून घशात अडकलंय.

आमच्या वॉर्डात पॅरालिसिसच्या एक आजी आहेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. लाली दिसली तर त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. चादर ताणून घ्यायची, कारण सुरकुतीसुद्धा नाजूक कातडीला रुतते. आजींना बोलता येत नाही, तरी आधी सांगायचं, "डावीकडे वळवते हं, आजी." न सांगता हात लावला की अंग ताठ होतं, सांगितलं की सैल राहतं. दया म्हणजे माझ्या लेखी एवढंच. गोड बोलणं सगळ्यांनाच जमतं.

बाबा, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या सिस्टर अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ ते २०१५, जवळपास ४२ वर्षं तिथल्याच सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं खाटेवर असूनही बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही, याची नोंद २०११च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. लोक म्हणतात, मैत्रीण होती म्हणून केलं. मला नाही पटत. तिच्याबरोबरच्या बऱ्याचजणी रिटायर झाल्या, नंतरच्या मुलींनी तिला धडधाकट पाहिलंच नव्हतं. ड्यूटी बदलली की ती पुढच्या हातात जायची, बस.

आमच्याकडे रात्री दोघी आणि पेशंट चाळीस. दोनला बदलायची कूस कधी चारला बदलली जाते. गेल्या आठवड्यात आजींची टाच लाल झाली, माझ्याच ड्यूटीत. कुणी बोललं नाही. पण खोलीवर आल्यावर जेवण गेलं नाही. तर आई, सवय हातांना झालीय, बाकी तुझी लेक तशीच आहे.

आणि हो, आपल्या आजीला वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, कातडी सोलते. खालची दुमडलेली चादर दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी मिळून उचला. बाबा, गुडघे वाकवून, कमरेतून नाही! उशी टाचेखाली नको, पोटरीखाली ठेवा. टाच अधांतरी राहू दे. रविवारी येतेय. दुपारची पाळी माझी, तुम्ही दोघं झोपा.

तुमची,
ताई