सलाईनच्या बाटलीमागचा कार्बनही निविदेत विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेत सर्जिकल साहित्याच्या वितरणाचा माझा व्यवसाय आहे. वैद्यकीय साहित्य बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर हल्ली हिरवे पान आणि ‘नेट झिरो’ (म्हणजे हवा तापवणारे वायू जेवढे सोडले तेवढेच परत शोषून निव्वळ उत्सर्जन शून्य) हे शब्द हमखास असतात. खाली एखादे साल असते, २०४० किंवा २०५०. ही वचने खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. पण ती नेमक्या कोणत्या उत्सर्जनाबद्दल आहेत, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. ज्याने विचारल्यावर कंपनीला उत्तर द्यावेच लागेल, तो सरकारी खरेदीदारही विचारत नाही. म्हणून हे पत्र.

कंपन्यांच्या कार्बन हिशेबाचे तीन भाग असतात. स्वतःचे बॉयलर, जनरेटर आणि गाड्या हा स्कोप १, विकत घेतलेली वीज हा स्कोप २. कच्चा माल, बाहेरची वाहतूक, माल वापरताना आणि वापरून झाल्यावर निघणारे वायू, हे सगळे स्कोप ३ मध्ये येते. ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेच्या २०१९च्या अहवालानुसार जगाच्या निव्वळ उत्सर्जनात आरोग्य क्षेत्राचा वाटा ४.४ टक्के आहे आणि त्यातला ७१ टक्के भाग पुरवठा साखळीतून येतो. रुग्णालयाच्या गच्चीवर सोलर बसवावेच, पण मोठा आकडा आमच्यासारख्यांच्या गोदामातून तिथे पोहोचणाऱ्या खोक्यांत आहे.

साध्या सलाईनचेच घ्या. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. ते पाणी शुद्ध करायला ऊर्जा लागते. प्लास्टिकचे दाणे खनिज तेलातून येतात. भरलेली बाटली वाफेवर निर्जंतुक होते, त्यासाठी बॉयलर चालतो. मग अर्ध्या किलोहून जड ही वस्तू शेकडो किलोमीटर ट्रकने येते. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी हे सगळे शंभर टक्के योग्य आहे, तिथे काटकसरीचा विचारही नको. पण तोंडाने खाऊ-पिऊ शकणारा माणूस ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, जरा ताकद येईल’ म्हणून हट्ट धरतो आणि बाटली चढते, हे आपल्या भागात गावोगाव चालते. या अनावश्यक बाटल्या कमी करायला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. कंपनीच्या हवामान-वचनात मात्र ही गोष्ट कधीच नसते, कारण त्यात विक्री घटते.

म्हणूनच ‘प्रति रुपया उलाढाल उत्सर्जन घटले’ असे वाक्य अहवालात दिसले की मी एकूण टनांचा आकडा शोधतो. उलाढाल दुप्पट झाली तर हे प्रमाण खाली येऊनही एकूण उत्सर्जन वाढलेले असू शकते, आणि हवेला प्रमाण कळत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, हे चांगलेच झाले. पण त्यात स्कोप ३ ऐच्छिक ठेवला, म्हणजे आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा आकडाच वगळायची मुभा राहिली. वचनाचे सालही असेच नीट वाचावे लागते. मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने स्वतःच्या कामकाजापुरती कार्बन-तटस्थता २०३० पर्यंत आणि पूर्ण मूल्यसाखळीसह (कच्च्या मालापासून वापरापर्यंत) नेट झिरो २०४५ पर्यंत, अशी दोन वेगळी उद्दिष्टे जाहीर केली आहेत. दोन्ही स्पष्ट सांगितली, हे बरे. सगळेच असे सांगत नाहीत.

काही वस्तूंत तर कारखान्यापेक्षा वापरच भारी पडतो. भुलीचा डेसफ्लुरेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट तापवतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा नेहमीचा वापर थांबवला. दम्याच्या दाबाच्या पंपातला वायूही हजार पटींच्या वर जातो, कॅप्सूलच्या पावडर पंपात तो नसतो. (डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही आपला पंप बदलू नये.)

खरेदीदाराने ठरवले तर काय होते, हे इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने दाखवले आहे. स्वतःच्या नियंत्रणातले उत्सर्जन २०४० पर्यंत आणि पुरवठादारांसह सगळे २०४५ पर्यंत नेट झिरो, असे तिचे उद्दिष्ट आहे. एप्रिल २०२३ पासून वर्षाला ५० लाख पौंडांवरच्या कंत्राटांसाठी कार्बन कपातीची योजना मागायला तिने सुरुवात केली आणि वर्षभराने ही मागणी छोट्या कंत्राटांकडे नेली. त्याच कंपन्या आपल्याकडेही माल विकतात. तिथे भरलेला तक्ता इथे भरायला त्यांना काय अडचण आहे?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले. सरकारी रुग्णालयांची खरेदी एका छताखाली आणण्याची ही सोय आहे. निविदेत दर, दर्जा आणि मुदत पाहिली जाते, तशी मोठ्या पुरवठादारांकडून तिन्ही स्कोपचे एकूण टन आणि दरवर्षीची घट मागावी. कुपवाड एमआयडीसीतल्या लहान उद्योजकावर पहिल्याच दिवशी हे ओझे टाकू नये. त्याला दोन-तीन वर्षे आणि हिशेबाचा सोपा नमुना द्यावा.

सांगलीने हे मागायचे कारण आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. एकेका पुराचे खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही, धरणांचा विसर्ग आणि पूररेषेतली बांधकामे यांचाही त्यात हात असतो. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते बाष्प आपल्याच खोऱ्यात कोसळते. २०१९ मध्ये महामार्ग बंद पडला तेव्हा आमचा माल वाटेतच अडकला होता. कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातले रुग्ण ज्या मिरजेच्या भरवशावर असतात, तिथे ही वेळ येते.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे सिव्हिल यांनी प्राधिकरणाकडे ही मागणी लेखी पाठवावी. शहरातल्या खासगी रुग्णालयांना तर कोणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या वार्षिक दरकराराच्या वेळी आम्हा वितरकांकडेच कंपनीचे आकडे मागा. तुम्ही मागितलेत, तर आम्हालाही ते कंपनीकडे हक्काने मागता येतील.

आपला,
एक सर्जिकल साहित्य वितरक, मिरज (जि. सांगली)