रिंग नऊवर, उंदीर आठ मीटरवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एअरगनच्या शिकारीसाठी कोणता स्कोप (नेमाची दुर्बीण) घ्यावा, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘व्हेरिएबलच (झूम कमीजास्त होणारा) घ्या, सगळ्या अंतरांची सोय होते,’ हा त्यातला सल्ला मीही एकेकाळी ऐकला होता. धान्याच्या कोठारात उंदीर टिपणं एवढीच माझी शिकार. हातातला ४ बाय ३२ चा, म्हणजे कायम चारपट दाखवणारा, ३२ मिलिमीटर काचेचा साधा फिक्स्ड स्कोप मी विकला आणि ३-९ बाय ४० चा, तीन ते नऊपट झूमचा आणला.

एका दुपारी कागदावरची भोकं बघायला झूमची रिंग नऊवर नेली, ती तशीच राहिली. दिवेलागणीला पोत्यांच्या थप्पीवर आठ मीटरवर उंदीर आला. स्कोपात नुसता करडा धूर! शेपटी कुठली नि सुतळी कुठली, कळेना. रिंग फिरवायला हात उचलला तोवर स्वारी पसार.

ते एक वेळ चाललं. दुसऱ्या वेळची चूक वाईट होती. माझी बंदूक २० मीटरवर झिरो केलेली आहे, म्हणजे त्या अंतरावर छर्रा बरोबर फुलीवर लागतो; ३० मीटरवर छर्रा साधारण ३ सेंटिमीटर खाली लागतो. रिंग नऊवर असताना मिल-डॉटमधल्या (स्कोपातल्या फुलीच्या रेघांवरच्या ठिपक्यांच्या खुणांमधल्या) दोन ठिपक्यांतलं अंतर ३० मीटरवर नेमकं ३ सेंटिमीटर भरतं, म्हणून मी मधल्या फुलीखालचा पहिला ठिपका उंदरावर धरतो. त्या दिवशी रिंग होती साडेचारवर. माझ्या स्कोपात झूम कमी केला की उंदीर लहान दिसतो, ठिपके मात्र आहेत तसेच राहतात. म्हणजे तेच अंतर ६ सेंटिमीटरचं झालं आणि छर्रा डोक्यावरून ३ सेंटिमीटर वर, मागच्या मातीच्या भिंतीत. चूक याच्या निम्मी असती तर उंदीर जखमी होऊन पोत्यांमागे जाऊन मेला असता. झूमबरोबर ठिपकेही लहानमोठे होणारे स्कोप मिळतात, पण कमी झूमवर त्यांच्या रेघा इतक्या बारीक होतात की अंधुक उजेडात सापडत नाहीत. फिक्स्डमध्ये विसरायला रिंगच नसते.

लेखात पॅरलॅक्सचा, म्हणजे डोळा मध्यापासून हलला की नेम सरकण्याचा, उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं. तो ज्या अंतरावर होत नाही, ते अंतर रायफलच्या बऱ्याच स्कोपांत १०० मीटरच्या आसपास जुळवलेलं असतं. तसला ४० मिलिमीटर काचेचा स्कोप एअरगनवर चढवला आणि डोळा पार कडेला गेला, तर २० मीटरवर नेम दीड सेंटिमीटरपर्यंत सरकतो. उंदराचं डोकं ते केवढं! झूम चारपट की नऊपट हे मागाहून बघा. आधी स्कोप दहा-पंधरा मीटरवर स्वच्छ जुळतो का ते बघा. आणि बंदूक स्प्रिंगची असेल तर तिचा धक्का सोसणाराच घ्या. ती आधी मागे आणि लगेच पुढे अशी दोन्हीकडे झटका देते. रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही तिच्यावर खिळखिळा होतो.

व्हेरिएबल मी टाकून दिलेला नाही. रिंग सहावर ठेवून तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे आणि प्रत्येक ठिपका किती मीटरला लागतो ते कागदावर पुन्हा मारून पाहिलं आहे. झिरो तपासायच्या दिवशी टेप काढतो, नऊवर भोकं मोजतो, कागदापर्यंतचे हेलपाटे वाचतात. मग टेप परत लावतो.

आपला,
एक वाचक